विधवेच्या हातची हळद

मी, सोजराबाई उर्फ सुवार्ताबाई भ्रतार पुंजाजी खंदारे, वय वर्षे एकाहत्तर, धर्म ख्रिस्ती, धंदा हळद शिजवणे, राहणार हट्टा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहिते. सोजरा हे शाळेच्या दाखल्यावरचे नाव आणि सुवार्ता हे बाप्तिस्म्याचे. बाई एकच आहे, तिच्या दोन करून कोणी कज्जा लावू नये. माझे गुडघे गेले आहेत आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने येऊन माझ्याशी भांडून पाहावे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. उलट माझाच दाब सगळ्यांवर आहे, अशी घरात तक्रार आहे.

वसमतच्या वकीलबाई साधनाताई यांनी मला एक छापील नमुना दिला होता. माझा मसुदा वाचून त्या म्हणाल्या, "मावशी, एवढं कशाला लिहिता? कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहा." मी म्हटले, "ताई, काहून दिलं ते न्हाई लिहिलं, तर लोकं दिलेलंबी काढून घेत्यात." मी मिशनच्या बोर्डिंगात सातवीपर्यंत शिकले आहे, निबंधात पहिली यायची. तेव्हा वाचणाऱ्याने कंटाळा करू नये.

हे लिहिण्याचे खरे कारण एकच आहे. माझी धाकटी सून दीक्षा, माझा मयत मुलगा शमुवेल याची विधवा, हिला माझ्यामागे या घरातून कोणी काढू नये. बाकी सगळी कलमे या एका कारणाच्या मागेपुढे आहेत.

कलम एक. आत्मा ज्याचा आहे त्याच्याकडे जाईल, त्याची व्यवस्था मी लावणारी कोण? देहाची लावते. ओढ्याकाठच्या आमच्या दफनभूमीत शमुवेलच्या डाव्या अंगाला मी दगड ठेवून जागा धरली आहे, तिथे पुरावे. पांढरे लुगडे आणू नये. नवरा गेल्यापासून गावाने मला पांढऱ्यात पाहायची फार हौस धरली, ती मी पुरी होऊ दिली नाही आणि आताही होऊ देणार नाही. हळदीच्या कामाची माझी साडी पेटीत घडी घालून ठेवली आहे. ती धुतलेली आहे, डाग मात्र निघालेले नाहीत. तीच नेसवावी. आणि त्या दिवशी कोणी "देवाची मर्जी" म्हणायचे नाही. माझ्याबद्दल म्हटले तर चालेल, एकाहत्तर वर्षे पुष्कळ झाली. शमुवेलचे नाव घेऊन म्हणायचे नाही.

कलम दोन. थोरला मुलगा रविंद्र हिंगोलीत एका कचेरीत नोकरीला आहे. त्याला त्याच्या बापाची एक एकर कोरडवाहू जमीन द्यावी, आणि पोस्टात माझ्या नावावर जे काही असेल ते सगळे. शिवाय त्याच्या बापाची खंजिरी. लहानपणी रविंद्र ती खंजिरी वाजवायचा तेव्हा भजनाला आलेल्या म्हाताऱ्याही मान डोलवायच्या. हिंगोलीला गेल्यापासून त्याला तिची लाज वाटते, शेजाऱ्यांना आपण कोण ते कळेल म्हणून. रविंद्रा, खंजिरी वाजव की नको वाजवू, पण भंगारात देऊ नकोस. तुला भंगाराची फार घाई असते.

कारण गेल्या नाताळाला जेवताना तो काय बोलला ते मी विसरलेले नाही. दीक्षा तिथेच चुलीपाशी भाकरी थापत होती.

"आई, आता बोळवण कर तिची. लेकरू न्हाई, बाळ न्हाई, तिचं काय राहिलंय इथं? घर इकून टाकू, हळदीचा कुकर भंगारात देऊ, तू चल हिंगोलीला."

"अन् तिनं दुसरं लगीन केलं तर?" मी विचारले.

"मंग तर इषयच मिटला. हक्कच संपला की तिचा."

दीक्षाने भाकर तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि गरम गरम रविंद्रच्याच ताटात वाढली. मी त्या दिवशीच ठरवले की लिहायचे.

कलम तीन. हट्टा येथील माझे राहते घर, चार खणांचे, पत्र्याचे, मागच्या न्हाणीसह आणि अंगणातल्या लिंबासह, दीक्षा भ्रतार शमुवेल खंदारे हिला देते. हे घर पुंजाजींचे नाही, सासऱ्याचे नाही, ते माझ्या हातांनी कमावलेले आहे. ग्रामपंचायतीत माझे एकटीचे नाव आहे. दीक्षाने पुन्हा लग्न केले तरी घर तिचे. कोणाशीही केले, कोणत्याही धर्मात केले, आणि अजिबात नाही केले, तरी तिचेच. हे वाक्य वकीलबाईंनी तीनदा तपासले आहे, तेव्हा त्यात फट शोधायच्या नादी लागू नये.

दीक्षाचे माहेर नरसीचे, बौद्ध घर. शमुवेलशी तिचे लग्न कोर्टात झाले. तिने बाप्तिस्मा घेतला नाही आणि मी घे म्हटले नाही. ती प्रार्थनेला मागे भिंतीला टेकून बसते, ऐकते, आणि शेवटी सगळ्यांना चहा करते. स्वर्गात कोणाला घ्यायचे याचा हिशेब माझ्याकडे दिलेला नाही. घरात कोणाला ठेवायचे याचा दिलेला आहे.

कलम चार. घराच्या पुढच्या खोलीत दर रविवारी प्रार्थना होते. सात घरची माणसे येतात, पावसाळ्यात चार घरची. पाळक बाबूसिंग राठोड वसमतहून मोटारसायकलवर येतात. माणूस मनाने सोन्यासारखा आहे, फक्त प्रार्थना लांबवतो. त्यांनी मला दोनदा सुचवले, "मावशी, घर देवाच्या नावानं करून टाका." मी म्हटले, "पाळकसाहेब, देवाला काय कमी हाय? ज्याला घर न्हाई त्याला देते, त्यो समजून घेईल." तरी एक अट घालते. जोवर एक जरी माणूस प्रार्थनेला येईल तोवर दीक्षाने रविवारी सकाळी पुढची खोली उघडून द्यावी. स्वतः बसावे की नाही हा तिचा प्रश्न. चहाची सक्ती नाही.

कलम पाच. हळद शिजवण्याचा वाफेचा कुकर, चार टाक्यांचा, चाकांवरचा, भट्टीसह, नळ्यांसह, दीक्षाला. या कलमाला जागा जास्त लागेल, कारण आमचे सगळे आयुष्य यातच शिजले आहे.

अडतीस वर्षांपूर्वी कुकर नव्हते. मोठ्या कढया असत. पुंजाजी आणि मी गावोगाव कढई घेऊन हळद शिजवायला जायचो. शिजली की नाही हे हळकुंडात काडी टोचून पाहतात. कमी शिजली तर आत कच्ची राहते आणि पुढे भुंगा लागतो, जास्त शिजली तर रंग जातो. जाळ पुंजाजींचा आणि काडी माझी, अशी वाटणी होती. पुंजाजी तापाने गेले तेव्हा रविंद्र आठ वर्षांचा आणि शमुवेल तीन वर्षांचा होता. त्या हंगामात मी दोघांना घेऊन उकंडरावांच्या मळ्यात गेले. उकंडराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी, त्यांची हळद दर वर्षी आम्हीच शिजवायचो. ते बांधावरूनच म्हणाले, "बाई, तुमी येऊ नका. रांडमुंड बाईचा हात हळदीला न्हाई चालत. हळद नासंल."

हळद म्हणजे शुभकार्य, आणि विधवा म्हणजे अशुभ. वर मी ख्रिस्ती, म्हणजे दोन्ही बाजूंनी कामातून गेलेली. मी त्या बांधाखाली लिंबाच्या सावलीत बसले आणि देवाला विचारले की आता मी काय करू. तो काही बोलला नाही. शमुवेलने भूक लागली म्हणून हातरुमालाची गाठ सोडली आणि भाकर खाल्ली. मग मी उठले आणि घरी गेले.

उकंडरावांनी दुसरी टोळी आणली. सगळे सुवासिनी आणि पुरुष, सगळे शुभ. निम्मी हळद कच्ची राहिली. पंधरा दिवसांनी त्यांची बैलगाडी माझ्या दारात उभी होती. मी गेले. मलाही मान होता, पण घरात दोन लेकरे होती. एवढेच सांगितले की शेवटच्या कढईपर्यंत मालकाने स्वतः माझ्यासमोर उभे राहायचे, आणि विधवेने टोचलेले पहिले हळकुंड मालकाने हातात घ्यायचे. त्यांनी घेतले. चटका बसला तरी टाकले नाही, हे मान्य करते. तेव्हापासून हट्ट्यापासून पूर्णेच्या काठापर्यंत कोणाच्या हळदीत काडी टोचायची असली की मला बोलावतात. माझ्या हातची हळद बाजारात गेली, देवळांत गेली, किती नवऱ्या मुलींच्या अंगाला लागली असेल त्याची गणती नाही. मला मात्र कोणी हळदीकुंकवाला बोलावले नाही. हळद चालते, हात चालत नाही, हा न्याय मला कधी कळला नाही आणि मी तो मानलाही नाही.

शमुवेल मोठा झाला, त्याने कढईच्या जागी हा कुकर आणला. आता जे लिहिते ते मी कोणाला नीट सांगितलेले नाही. ते ठाऊक आहे फक्त दीक्षाला.

तीन वर्षांपूर्वीचा मार्च महिना. हंगाम भरात होता. हळदीच्या दिवसांत आमच्या घरात सगळेच पिवळे असते. हात, नखे, पायांच्या भेगा, उशा, न्हाणीतले पाणी, सगळे. घामसुद्धा पिवळा येतो. शमुवेल थकल्यासारखा करत होता, जेवण कमी झाले होते. एका सकाळी दीक्षा मला म्हणाली, "आई, ह्यांचे डोळे पिवळे दिसून राहिले."

मी म्हटले, "हळदीच्या दिवसांत कोणाचे नसतात? चार दिवस थांब. एवढा ढीग उरकू, मंग दवाखान्यात जाऊ."

खणून काढलेल्या हळदीचा ढीग फार दिवस ठेवता येत नाही, तापतो आणि कुजतो. मला ढीग दिसत होता. लेकराच्या डोळ्यांतली कावीळ दिसली नाही. दीक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली, तिसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. मी तिच्यावर ओरडले. नवव्या दिवशी त्याला नांदेडला नेले. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस आधी आणायला पाहिजे होते. तो अडतीस वर्षांचा होता.

गावात बोलले गेले की विधवेची हळद अखेर पोराच्या अंगावर आली. पाळकसाहेब आले, माझा हात धरून म्हणाले, "मावशी, ह्यातबी देवाचा काहीतरी हेतू असंल." मी हात सोडवून घेतला आणि म्हणाले, "हेतू माझा व्हता, पाळकसाहेब. ढीग उरकायचा. माझं पाप देवाच्या अंगावर नका टाकू." त्यानंतर सहा रविवार मी पुढच्या खोलीला कुलूप लावले. देव आहे हे मला ठाऊक होते, म्हणून तर रागावले होते. नसलेल्यावर कोण रागावतो?

सातव्या आठवड्यात उकंडराव दारात आले. त्यांची उशिराची हळद खणून पडली होती आणि ढीग आतून तापायला लागला होता. ते काही मागायला कचरत होते, नुसते उभे राहिले. मी आतून म्हटले, "न्हाई जमायचं." तेवढ्यात दीक्षा उठली. तिने पदर खोचला, भट्टीत पाचट कोंबले आणि मला विचारले, "आई, टाकीत पाणी कितीक घ्यायचं?"

रस्त्यावरून एक बाई म्हणाली, "नवरा हळदीनं गेला अन् ही हळद शिजवून राहिली!" दीक्षाने मान वर न करता विचारले, "तुमच्या वरणात हळद असती का न्हाई, काकू?"

पहिली टाकी उतरली तेव्हा मी तिच्या हातात काडी दिली आणि तिचा हात धरून हळकुंडात टोचायला शिकवले. दोन विधवांचे दोन हात, आणि उकंडराव समोर उभे, या वेळी न सांगता. तिने आजवर एकदाही मला म्हटलेले नाही की आई, मी सांगत होते. त्या घटकेला मला देवाचा हेतू कळला, असे मी लिहिणार नाही, कारण मृत्युपत्रात खोटे लिहू नये. एवढे कळले की सकाळ झाली आहे, पुढ्यात काम आहे, शेजारी एक पोरगी आहे, आणि हे माझ्याकडे सोपवलेले आहे. अडतीस वर्षांपूर्वी त्या बांधाखालीही मला एवढेच कळले होते. देव माझ्याशी बहुधा एवढेच बोलतो. माझा दिवस निघतो तेवढ्यावर. त्या रविवारी मी कुलूप काढले. शमुवेल का गेला, या मोठ्या प्रश्नाचे उत्तर मी सोडलेले नाही, वर गेल्यावर मागणार आहे, आणि शमुवेलला शेजारी उभे करून मागणार आहे. पण शमुवेलला नेऊन देवाने सासूला धडा शिकवला किंवा सुनेला धंदा शिकवला, असे जो कोणी म्हणेल त्याने माझ्या मातीला येऊ नये. असला देव मी मानत नाही. माझा देव त्या नऊ दिवसांत दीक्षाच्या तोंडून बोलत होता आणि मी ऐकले नाही, असे मी मानते.

कलम सहा. माझे राग. उकंडरावांवरचा राग माफ केला आहे, विसरलेला नाही. पाळकसाहेबांवरचा त्यांनी सहाही रविवार कुलूपबंद दारासमोर ओट्यावर बसून प्रार्थना केली तेव्हाच गेला, हे त्यांना हा कागद वाचताना कळेल. रविंद्रवरचा राग रविंद्रने हे कलम शेवटपर्यंत वाचले की संपला असे समजावे. लेकरा, तू वाईट नाहीस, घाबरट आहेस. माझा स्वतःवरचा राग कोणाच्या नावे करता येत नाही, तो माझ्याबरोबर पुरावा.

कलम सात. जुनी कढई माझी कामातली जोडीदारीण भिकाबाई हिला द्यायची होती. पण भिकाबाई या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून कढई मी परवाच तिच्या घरी पोचवली. आता ती द्यायची राहिली नाही.

कलम आठ. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाई साधनाताई यांनी करावी. रविंद्रने हरकत घेतली तर त्याला आधी कलम पाच मोठ्याने वाचायला लावावे, मग हरकत ऐकावी.

कलम नऊ. बुद्धभूषण नावाचा ट्रॅक्टरवाला दोन हंगाम आमचा कुकर शेतोशेती ओढून नेतो. चाळिशीचा आहे, त्याची बायको बाळंतपणात गेली. मागच्या महिन्यात तो मला म्हणाला, "मावशी, एक इच्यारू का? तुमच्या सुनंला मी मागणी घालू का?" मी म्हटले, "मला काहून इच्यारतो? तिला इच्यार." त्याने विचारले. दीक्षाने त्याला नाही म्हटले. मी खोदून खोदून विचारले तेव्हा बोलली, "आई, मी लगीन केलं तर भाऊजी घर इकतील. तुमी कुठं जासाल? अन् मी कोणत्या तोंडानं तुमाला सोडू?" तो तिला आवडत नाही, असे मात्र ती बोलली नाही.

म्हणून हे शेवटचे. या हंगामातल्या पहिल्या टाकीची हळद मी स्वतः वाळवून, जात्यावर दळून, पितळी डब्यात भरून पेटीत साडीवर ठेवली आहे. ती दीक्षाच्या लग्नाची हळद आहे. मी असले तर मीच लावीन. नसले तर भिकाबाईने लावावी, तीही विधवा आहे. सुवासिनी शोधत फिरू नये. हळद उकंडरावांच्या मळ्यातली आहे. त्यांनी पोते पाठवले तेव्हा कशासाठी आणि कोणाकोणासाठी हवी हे मी सांगितले होते.

येणेप्रमाणे लिहून ठेवले, वाचून पाहिले, बरोबर आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

सही: सोजराबाई उर्फ सुवार्ताबाई पुंजाजी खंदारे

साक्षीदार, आम्हांसमक्ष सही झाली:
१. उकंडराव, शेतकरी, रा. हट्टा (सही)
२. भिकाबाई, हळद शिजवणारी, रा. हट्टा (डाव्या हाताचा अंगठा. शाई निळी आहे, कडेचा पिवळा रंग बोटाचा आहे, खाडाखोड समजू नये.)

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच ठिकाणी. वरच्या सह्या होऊन शाई वाळायच्या आत दीक्षा अंगणातून आली. तिला या कागदाची कल्पना नव्हती. म्हणाली, "आई, टाकी उतरवली. काडी टोचायला येता का?" मी म्हटले, "तूच टोच. पण आधी हे वाच." तिने कलम तीन उभ्याने वाचले. कलम पाच वाचताना खाली बसली. कलम नऊ वाचून झाल्यावर तिने कागद मांडीवर ठेवला. माझ्या मनात आले, मेल्यावर काय होईल याची वाट मी कशाला पाहू? एकदा वाट पाहून माझे लेकरू गेले आहे. मी पेटी उघडली, डबा काढला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर तिच्या दोन्ही गालांना हळद लावली.

"आई, ह्ये काय करून राहिल्या?"

"डोळे पिवळे दिसले की थांबायचं नसतं. तू शिकवलंस."

तिने हळद पुसली नाही. रडत होती, पण पुसली नाही. उकंडराव दाराकडे गेले. मला वाटले, उठून चालले. त्यांनी दारातून रस्त्यावर उभ्या ट्रॅक्टरकडे हाक मारली, "बुद्धभूषण! ट्रॅक्टर बंद कर अन् आत ये!"

सबब, कलम नऊ माझ्या हयातीतच अंमलात आलेले आहे. डब्यात हळद शिल्लक आहे, ती त्याला लागेल.

सही: सोजराबाई उर्फ सुवार्ताबाई पुंजाजी खंदारे
पुरवणीस साक्षीदार: उकंडराव (सही), भिकाबाई (अंगठा)

ठिकाण: हट्टा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली
दिनांक: २० मार्च २०२५, गुरुवार